ख्रिस्ती वकील आणि घटस्फोटाचे दावे

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) येथील जिल्हा न्यायालयात, किंवा उमरगा, तुळजापूर, कळंब, भूम, परंडा अशा तालुक्याच्या ठिकाणी वकिली करणाऱ्या माणसाला केवळ एकाच प्रकारचे दावे चालविणे परवडत नाही. सकाळी बांधाचा वाद, दुपारी न वटलेला धनादेश, मध्येच अपघाताची नुकसानभरपाई. आणि बाहेरच्या बाकावर गर्दी ओसरण्याची वाट पाहत सासरहून परत आलेली मुलगी व तिचे वडील बसलेले असतात. त्यांना बहुधा एकच शब्द ठाऊक असतो : फारकत. "साहेब, पोरीची फारकत करून द्या." समोरचा वकील कॅथलिक असेल तर त्याच्यापुढे असा एक प्रश्न उभा राहतो, जो शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्यापुढे सहसा उभा राहत नाही. विवाहबंध माणसाच्या हाताने तुटत नाही ही प्रभू येशूची शिकवण (मत्तय १९, मार्क १०) रविवारी ऐकणाऱ्याने सोमवारी घटस्फोटाच्या अर्जावर सही करावी काय?

आपल्या औरंगाबाद धर्मप्रांतातील मुलेमुली आता कायद्याच्या शिक्षणाकडे वळत आहेत. हा प्रश्न त्यांना आज ना उद्या गाठणारच आहे. म्हणून ख्रिस्तसभेची शिकवण आणि देशाचा कायदा ही दोन्ही एकत्र ठेवून येथे त्याची मांडणी केली आहे.

पोप जॉन पॉल दुसरे यांचे भाषण

या विषयावरील सर्वांत स्पष्ट वचन २८ जानेवारी २००२ चे आहे. रोमन रोटा हे ख्रिस्तसभेचे वरिष्ठ न्यायपीठ. त्याच्या न्यायाधीशांपुढे दरवर्षी पोप महाशय भाषण करतात. त्या वर्षी जॉन पॉल दुसरे यांनी विवाहाची अविच्छेद्यता हा विषय निवडला आणि ओघात नागरी न्यायालयांत काम करणाऱ्यांविषयी ते बोलले. वकील हा स्वतंत्र व्यावसायिक आहे. न्यायाला विरोधी अशा हेतूसाठी त्याने आपले ज्ञान वापरण्यास नकार द्यावा, आणि घटस्फोट हा तसा हेतू आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. जगभरच्या वृत्तपत्रांनी 'पोप म्हणतात, कॅथलिक वकिलांनी घटस्फोटाचे खटले घेऊ नयेत' एवढाच मथळा केला. त्याच परिच्छेदातील पुढचे वाक्य मात्र फार थोड्यांनी वाचले. पक्षकाराचा हेतू विवाह मोडण्याचा नसून दुसरे काही रास्त कायदेशीर परिणाम साधण्याचा असेल, आणि ते परिणाम त्या देशाच्या कायद्यात याच मार्गाने मिळू शकत असतील, तर वकील साहाय्य करू शकतो, असे ते वाक्य सांगते.

हा अपवाद जॉन पॉल यांनी नव्याने काढलेला नव्हता. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या २३८३ व्या परिच्छेदात तो आहे. काही कायदेशीर हक्क, मुलांचा सांभाळ किंवा वारसाहक्काचे रक्षण यांसाठी नागरी घटस्फोट हा एकमेव शक्य मार्ग उरला असेल तर तो सहन केला जाऊ शकतो आणि त्यात नैतिक अपराध होत नाही, असे तेथे म्हटले आहे. वाचकांनी 'एकमेव' या शब्दाकडे लक्ष द्यावे. पुढील सारे विवेचन त्या शब्दावर उभे आहे.

आपल्या वकिलांकडून नेहमी एक युक्तिवाद ऐकू येतो : "फादर, माझे बहुतेक पक्षकार हिंदू आहेत, त्यांच्यात कोठे विवाहसंस्कार आहे?" ही पळवाट पोप महाशयांनी त्याच भाषणात बंद केली होती. अविच्छेद्यता ही केवळ कॅथलिकांवर लादलेली शिस्त नव्हे, विवाहाच्या स्वभावातच ती आहे, हाच भाषणाचा गाभा होता. सप्तपदी चाललेल्या जोडप्याचा संसारही वकिलासाठी खरा संसार आहे.

पापात साहाय्य म्हणजे काय?

येथे एका वकिलाचीच आठवण होते. संत अल्फान्सस लिगोरी हे नेपल्समधील नामांकित वकील. १७२३ साली एका मोठ्या दाव्यात एका दस्तऐवजाचा अर्थ लावताना त्यांची चूक झाली, दावा हरला, आणि वयाच्या २६ व्या वर्षी त्यांनी न्यायालयाला कायमचा रामराम ठोकला. पुढे ते धर्मगुरू झाले, त्यांनी रिडेम्प्टोरिस्ट संघ स्थापन केला आणि नीतिशास्त्रावर महाग्रंथ लिहिला. दुसऱ्याच्या पापात आपला हात किती, हे ठरविण्यासाठी त्यांनी स्पष्ट केलेला भेद आजही सेमिनरीत शिकविला जातो. दुसऱ्याचा वाईट हेतू मनाने आपलासा करून केलेले साहाय्य नेहमीच वर्ज्य. तो हेतू मनाने न स्वीकारता, आपल्या कामाचा दुसऱ्याने उपयोग करून घेतला, तर ते बाह्य साहाय्य; पुरेसे गंभीर कारण असेल तर ते क्षम्य ठरू शकते.

वकिलाच्या बाबतीत हा भेद कागदावर दिसत नाही. दोन अर्जांचा मसुदा एकसारखा असेल. एकात वकिलाने "मोकळी हो, दुसरे लग्न कर" असा सल्ला आपण होऊन दिलेला असतो. दुसऱ्यात मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून सुटकेचे अन्य सर्व मार्ग शोधून, ते संपल्यावर तो शेवटच्या मार्गाकडे वळलेला असतो. म्हणूनच पहिल्या भेटीचा अर्धा तास सर्वांत महत्त्वाचा. पक्षकाराला नेमके काय हवे आहे हे तेथेच कळते आणि बहुधा त्याला घटस्फोट नव्हे, दुसरेच काही हवे असते.

कायद्यात असलेले अन्य मार्ग

फारकत मागणाऱ्या बाईला पुढील गोष्टी हव्या असतात : मार थांबावा, डोक्यावर छप्पर राहावे, मुले आपल्याजवळ असावीत, महिन्याला काही रक्कम यावी, आपण कमावलेले आपल्या नावावर राहावे. यांपैकी एकीसाठीही भारतीय कायद्यात सहसा घटस्फोट लागत नाही.

पोटगीसाठी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ होते; १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली. विवाह कायम असतानाच तेथे अर्ज करता येतो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा २६ ऑक्टोबर २००६ रोजी अमलात आला. त्याखाली दंडाधिकारी संरक्षणाचा, घरात राहू देण्याचा, खर्चाचा आणि मुलांच्या तात्पुरत्या ताब्याचा आदेश देऊ शकतात. वकिलाची फी देण्याची ऐपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत विधी साहाय्य मिळते.

ख्रिस्ती जोडप्यांसाठी १८६९ चा घटस्फोट कायदा लागू आहे. त्याच्या नावामुळे त्यात घटस्फोटच असणार असा समज होतो. परंतु त्याच्या कलम २२ मध्ये न्यायिक विभक्ततेची तरतूद आहे. व्यभिचार, क्रूरता किंवा २ वर्षे टाकून देणे या कारणांवरून न्यायालय पतिपत्नीस वेगळे राहण्याचा हुकूमनामा देते. विवाहबंध मात्र तुटत नाही. पुढे कलम २४ सांगते की अशी विभक्तता चालू असेपर्यंत पत्नी जी मालमत्ता मिळवील तिच्यापुरती ती अविवाहित मानली जाईल. म्हणजे तिने शिवणकाम करून घेतलेल्या घरावर नवऱ्याचा हक्क पोहोचत नाही. विभक्ततेपूर्वीच्या मालमत्तेची चिंता असेल तर मृत्युपत्र करून ठेवावे. ख्रिस्ती व्यक्तीला आपली मालमत्ता मृत्युपत्राने हवी तशी देता येते. इतके साधे काम असताना 'मुलांच्या वारसाहक्कासाठी घटस्फोटच लागेल' असे सांगणाऱ्या वकिलाने आधी स्वतःचा अभ्यास तपासावा.

ख्रिस्तसभेच्या कायद्यातही हीच सोय आहे. जोडीदार किंवा मुले यांच्या शरीराला वा आत्म्याला गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्याचा अधिकार कॅनन ११५३ देतो. उशीर करणे धोक्याचे असेल तर परवानगीची वाट न पाहता निघून जाण्याचाही. कॅनन १६९२ प्रमाणे महागुरुस्वामी अशा प्रकरणी नागरी न्यायालयात जाण्याची अनुमती देऊ शकतात. आपल्या न्यायिक विभक्ततेशी हे जवळजवळ जुळते. तरीही हा मार्ग फारसा कोणी सुचवीत नाही. त्यामागे, माझ्या मते, वकिलांचा आळस आहे आणि आम्हा धर्मगुरूंचे अज्ञानही.

म्हणून 'एकमेव मार्ग' आहे की नाही, याचे उत्तर धर्मगुरूपाशी नसते, ते वकिलापाशी असते. जो वकील एवढा एकच अर्ज लिहायला शिकला त्याला प्रत्येक ठिकाणी तोच एकमेव मार्ग दिसणार. आमच्या जिल्ह्यात याला आणखी एक बाजू आहे. भूम, परंडा, कळंब, वाशी या भागांतून ऊसतोडीला जाणारी जोडपी 'एक कोयता' म्हणून मोजली जातात. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती दोघांच्या श्रमांवर. बाई वेगळी झाली की कोयता मोडतो, पण उचल तशीच राहते आणि तिचा तगादा दोन्ही घरांकडे येतो. या व्यवहाराची विचारपूस न करता लिहिलेला कोणताही अर्ज अपुराच.

कायद्याने पूर्वी खोटे कसे वदवून घेतले

१८६९ च्या मूळ कायद्यात पतीला केवळ पत्नीच्या व्यभिचारावरून घटस्फोट मागता येई. पत्नीला मात्र पतीचा व्यभिचार आणि त्यासोबत क्रूरता किंवा टाकून देणे असे काही सिद्ध करावे लागे. परिणाम असा की केवळ मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला मार्गच नव्हता. तिने व्यभिचाराचा आरोप रचावा, अशी परिस्थिती कायद्यानेच निर्माण केली होती. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा भेद घटनाबाह्य ठरविला. संसदेने २००१ साली कायदा सुधारला. ३ ऑक्टोबर २००१ पासून पतिपत्नी दोघांना समान कारणे मिळाली आणि कलम १०अ अन्वये परस्परसंमतीचा घटस्फोट प्रथमच ख्रिस्ती कायद्यात आला.

या सुधारणेकडे कॅथलिक माणसाने कोणत्या दृष्टीने पाहावे? विवाह मोडणे सोपे झाले याचे दुःख आहे. परंतु शपथेवर खोटे बोलण्याची सक्ती गेली, हेही आठव्या आज्ञेच्या दृष्टीने थोडेथोडके नाही. कलम १०अ मध्ये आधी २ वर्षे वेगळे राहण्याची अट आहे. केरळ उच्च न्यायालयाने ती २०१० साली एका वर्षावर आणली आणि डिसेंबर २०२२ मध्ये तेही घटनाबाह्य ठरविले. वकीलवर्गाला प्रतीक्षेचा काळ हा निव्वळ अडथळा वाटतो. अनेक घरांचे दोन सुगीचे हंगाम पाहिलेल्या धर्मगुरूला तसे वाटत नाही.

खोट्याची सवय मात्र कायदा बदलल्याने जात नाही. अर्ज 'भक्कम' करण्यासाठी सासू-नणंदेवर आरोप वाढविणे, ज्यांनी भांडणात तोंडही उघडले नाही अशा दिरांची नावे फिर्यादीत घालणे, हे घटस्फोटाइतकेच, किंबहुना माझ्या दृष्टीने अधिक निश्चितपणे, पाप आहे. तेथे कोणताही अपवाद नाही.

दुसरी एक फसवी गोष्ट 'नांदायला येण्याच्या' दाव्याची. वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा हा अर्ज वरवर संसार जोडणारा दिसतो. पण त्याचा हुकूमनामा मिळूनही ठरावीक काळ, ख्रिस्ती कायद्यात २ वर्षे आणि हिंदू विवाह कायद्यात १ वर्ष, एकत्र राहणे झाले नाही तर तेच घटस्फोटाचे कारण होते. बायको परत येऊच नये या हिशेबाने असा दावा लावणाऱ्या वकिलाने, कागदावर समेटाची भाषा असली, तरी विवाह मोडण्याच्या हेतूत पुरता वाटा घेतलेला असतो.

आणि बाँड पेपरवरील फारकत. पंचमंडळी बसवून, नोटरीचा शिक्का मारून लिहून घेतलेला असा लेख ख्रिस्ती विवाहाच्या बाबतीत कायद्याने निरर्थक आहे. २०२४ साली केंद्राच्या विधी विभागाने नोटरींना विवाह वा घटस्फोटाचे लेख न करण्याची स्पष्ट समज दिली. या कागदाचे नुकसान बाईलाच होते : 'आम्ही राजीखुशीने वेगळे झालो' असे त्यात लिहिलेले असते, आणि परस्परसंमतीने वेगळे राहणाऱ्या पत्नीला कलम १४४ ची पोटगी नाकारता येते. आपल्या धर्मग्रामात असा कागद होत असेल तर सर्वप्रथम वकिलाने तो थांबवावा.

नागरी घटस्फोट खरोखर लागतो तेव्हा

ख्रिस्तसभेचे न्यायपीठ घटस्फोट देत नाही. संमतीत किंवा विधीत मुळातच दोष असल्याने तो विवाह वैध नव्हता, असा निर्णय ते पुराव्यानंतर देते. १७४१ पासून त्यासाठी दोन न्यायपीठांचे एकसारखे निर्णय लागत; पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०१५ पासून ती अट काढली. मात्र देशाच्या कायद्यापुढे या निर्णयाला स्थान नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली हे स्पष्ट केले. चर्चच्या निर्णयांना मान्यता मिळावी म्हणून कर्नाटकातील क्लॅरेन्स पायस यांनी केलेली याचिकाही जानेवारी २०१७ मध्ये फेटाळली गेली. तेव्हा न्यायपीठाकडून विवाह अवैध ठरल्यावर, नागरी हुकूमनामा न घेता चर्चमध्ये पुन्हा लग्न करणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने द्विभार्या विवाहाचा गुन्हेगार ठरू शकतो.

येथे कॅथलिक वकिलाची गरजच आहे. ख्रिस्तसभेच्या दृष्टीने जो बंध नव्हताच, त्याचे नागरी रूप तेवढे दूर करायचे असते. जॉन पॉल यांनी सांगितलेला अपवाद याहून चपखल कोठे बसावा? कायद्याच्या कलम १८ व १९ मध्ये विवाह रद्दबातल ठरविण्याची तरतूदही आहे. नपुंसकत्व, निषिद्ध नाते, आधीचा जोडीदार हयात असणे, बळजबरी वा फसवणूक यांपैकी काही असेल तर घटस्फोटाऐवजी हाच अर्ज करणे अधिक प्रामाणिक.

मराठवाड्यात प्रौढ वयात बाप्तिस्मा घेणारे आहेत, म्हणून संत पौलाच्या सवलतीचाही (१ करिंथ ७) उल्लेख हवा. दोघे बाप्तिस्मा न घेतलेले असताना झालेला विवाह, नंतर एकाचा बाप्तिस्मा, आणि दुसऱ्याने शांततेने नांदण्यास नकार देऊन निघून जाणे, एवढे असेल तर चौकशीनंतर नवीन विवाहाची मोकळीक मिळू शकते. हिंदू विवाह कायद्यात, १९५५, धर्मांतर हे घटस्फोटाचे कारण आहे, पण ते दुसऱ्या जोडीदारासाठी. धर्मांतर करणाऱ्याला त्यावर दावा लावता येत नाही. तेव्हा वकिलाने व धर्मगुरूने आधी एकत्र बसावे.

नकार देता येतो का?

भारतीय वकील परिषदेच्या नियमांप्रमाणे वकील ज्या न्यायालयात काम करतो तेथील काम स्वीकारण्यास तो बांधलेला आहे. परंतु विशिष्ट परिस्थितीत एखादे काम नाकारणे समर्थनीय ठरू शकते, असे तोच नियम सांगतो. सदसद्विवेकबुद्धी ही अशी परिस्थिती आहे असे मला वाटते. नकार वकीलपत्र घेण्यापूर्वी द्यावा. अर्ध्यावर पक्षकाराला सोडणे हा दुसरा अन्याय. घटस्फोट नको असलेल्या जोडीदाराची बाजू घेण्यात तर कसलीच अडचण नाही, आणि कोणत्याही वैवाहिक दाव्यात एक बाजू सामनेवाल्याची असतेच.

या संदर्भात संत थॉमस मोर यांचे नाव घेतले जाते. राजाच्या 'घटस्फोटाला' त्यांनी विरोध केला असे सांगतात. काटेकोर पाहता आठव्या हेन्रीने विवाह अवैध ठरविण्याची मागणी केली होती, आणि १५३२ साली राजीनामा दिल्यावर मोर यांनी जमेल तेवढे मौनच पाळले. शपथ घेण्याचा प्रसंग आला तेव्हा त्यांनी नकार दिला आणि ६ जुलै १५३५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. आपल्या तालुक्याच्या वकिलासाठी मला ब्रिटनी प्रांतातील संत ईव्हो अधिक जवळचे वाटतात. १३०३ साली ते वारले. गरिबांचे दावे ते फी न घेता चालवीत, आणि दावा सुरू होण्यापूर्वीच तो मिटविण्याची त्यांची ख्याती होती. १९ मे हा त्यांचा सण.

न्यायाधीशाच्या पदावर असलेल्या कॅथलिकाची स्थिती वेगळी. त्याला खटला निवडता येत नाही, हे पोप महाशयांनी मान्य केले होते. समेटाचे प्रयत्न मनापासून करावेत, एवढी त्याच्याकडून अपेक्षा.

धर्मग्रामासाठी दोन गोष्टी

कोर्टात केस टाकली म्हणून काही भगिनी ख्रिस्तशरीर घेण्याचे थांबवितात, कधी शेजारीपाजारी त्यांना तसे सांगतात. हे चूक आहे. १९८१ च्या 'फॅमिलिआरिस कॉन्सॉर्शियो' या पत्रात जॉन पॉल यांनी स्पष्ट केले आहे की घटस्फोट झालेला पण दुसरा विवाह न केलेला निष्ठावंत जोडीदार संस्कारांपासून दूर नाही. वकिलानेही आपल्या कॅथलिक पक्षकाराला हे सांगावे; चर्चमध्ये आपण चालणार नाही या भीतीने मार खात राहणाऱ्या स्त्रिया आहेत.

दुसरी गोष्ट कागदाची. न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रत घेऊन काही जण चर्चच्या कार्यालयात येतात आणि विवाहनोंदवहीत बदल करण्यास सांगतात. त्या प्रतीवरून नोंद बदलत नाही. विवाहनोंदवहीत आणि बाप्तिस्मा नोंदवहीत शेरा मारला जातो तो न्यायपीठाचा निर्णय आल्यावर. तरीही हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, विवाहाचा दाखला आणि दोघांचे बाप्तिस्म्याचे दाखले वकिलाने एका पाकिटात घालून पक्षकाराजवळ द्यावेत. पुढे न्यायपीठाकडे जायचे ठरले तर ती लागतातच, आणि ऊसतोडीवरून परतलेल्या माणसाला ती दुसऱ्यांदा गोळा करणे जमत नाही.